गंगाफळाचं पोताज

वनाभाऊ निरोप घेऊन आला तेव्हा मंजुळाबाई कोयत्याने गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, फोडत होती. अशा वेळी बाईशी वाकडं बोलू नये एवढी अक्कल माणसाला असावी. वनाभाऊ स्वभावाने गरीब, पण ही एक अक्कल त्याला देवाने दिलीच नव्हती. पायातल्या वहाणा काढायच्या आधीच त्याने सुरुवात केली.

"ताई, पारोळ्याहून येतोय. द्वारकेची सोयरीक पक्की आहे. फक्त मुलाच्या वडिलांच्या, नानांच्या, तीन अटी आहेत."

"बोल," मंजुळाबाई म्हणाली आणि तिने गंगाफळाचे दोन भाग केले.

"साखरपुड्याचा स्वयंपाक आचाऱ्याने करायचा. तू चुलीजवळ जायचं नाही."

"दुसरी?"

"तू पंगतीसमोर यायचं नाही. आतच बसायचं. तसंही विधवा बाई शुभकार्यात पुढे होत नाही, त्यामुळे त्यात काही..."

"तिसरी सांग."

वनाभाऊने खांद्यावरचं उपरणं उगीच झटकलं. "आदल्या दिवशी भटजींकडून पंचगव्य घ्यायचं आणि चार माणसांत म्हणायचं, की मिशनच्या स्वयंपाकघरात राहिले ती माझी चूक झाली. एवढंच."

एवढंच! अहो, अकरा वर्षं ज्या चुलीने पोटाला घातलं, तिला चूक म्हणायचं, आणि वर एवढंच! मंजुळाबाईने कोयता खाली ठेवला. बिया काढून सुपात टाकल्या, हात पुसले आणि भावाकडे असं पाहिलं की तो आपोआप दोन पावलं मागे सरला.

"जाऊन सांग, तिन्ही अटी नामंजूर."

मंजुळाबाईची गोष्ट पिंप्राळ्यात सगळ्यांना ठाऊक होती. नवरा पटकीने गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची आणि मुलगी द्वारका कडेवर. सासरच्यांनी दार लावून घेतलं. माहेर भडगावचं, पण तिथे वनाभाऊचीच खाणारी तोंडं आठ. तेव्हा धुळ्याबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात रोग्यांचा स्वयंपाक करायला बाई हवी आहे असं कळलं आणि ही गेली. दवाखाना चालवणारी सिस्टर मार्त फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातली. उंच, हाडकुळी आणि तोंडाने फटकळ. दोघींचं पहिल्या दिवशी भांडण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून जमलं.

सिस्टरला खानदेशातल्या भाज्यांपैकी गंगाफळ तेवढं ओळखीचं निघालं. आमच्या गावीही कापणी झाली की हेच, असं मोडक्यातोडक्या मराठीत सांगून तिने मंजुळाबाईला आपल्या आईचं सूप शिकवलं. त्याला ती पोताज म्हणायची. कांदा लोण्यात परतायचा, पण घाई करायची नाही, लाल होऊ द्यायचा नाही. मग गंगाफळाच्या फोडी, पाणी, मीठ. शिजून गळालं की चाळणीतून घोटून काढायचं, दूध घालायचं, मिरपूड आणि वरून जायफळाची चिमूट. शिळा पाव लोण्यात कुरकुरीत करून वर टाकायचा. पाव नसला तेव्हा मंजुळाबाईने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे तुकडे टाकले, आणि ते खाऊन पाहून सिस्टर म्हणाली, इथून पुढे हेच. वांग्या-टोमॅटोचे थर लावून वर पावाचा चुरा आणि लोणी घालून, झाकणावर निखारे ठेवून खरपूस करायचं, तेही तिनेच शिकवलं. मिरचीचा लवलेश नाही, तरी माणूस बोटं चाटत राही.

सिस्टर पासष्ट साली तिच्या देशाला परत गेली. मंजुळाबाईने पिंप्राळ्यात दोन खोल्या घेतल्या आणि कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ उघडली. शेवभाजी, भरीत, वरण-बट्टी सगळं व्हायचं, पण दिवाळीनंतर थंडी पडली की पोरंच मागायची, "मावशी, आज पोताज करा ना." त्या पोरांत प्रल्हाद होता. दोन वर्षं तिच्याकडे जेवला, मग शाळेत मास्तर झाला, आणि मास्तर झाल्यावर महिन्याभरातच त्याने द्वारकेला मागणी घातली. उखर्डू नानांचा हा एकुलता एक मुलगा. नाना म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, भावकीत शब्द झेलला जाणारा माणूस. मुलगी बघायला ते भडगावला वनाभाऊच्या घरी आले होते, पण विधवा म्हणून मंजुळाबाई तेव्हा आतल्या खोलीतच राहिली. तिने त्यांचा नुसता आवाज ऐकला होता.

"ताई, अगं पोरीचा तरी विचार कर," वनाभाऊ काकुळतीला आला. "ऐकलं नाहीस तर सोयरीक मोडेल. एकोणिसावं सरत आलंय तिला. उद्या दुसरा कोणी विचारायला आला तरी हेच विचारेल."

हे मात्र मंजुळाबाईला लागलं. दाराआड द्वारका उभी आहे हे तिला माहीत होतं. बांगड्यांचा आवाज थांबला होता.

"द्वारके, बाहेर ये."

द्वारका आली. डोळे लाल.

"तुला हाच मुलगा हवा आहे?"

"हो."

"मी गोमूत्र पिऊन चूक झाली म्हणावं असं वाटतं तुला?"

द्वारकेने डोळे पुसले. मग म्हणाली, "दवाखान्याच्या व्हरांड्यात मी वाढले, आई. तू चुकलीस, तर मग मीही चुकीचंच खाऊन मोठी झाले. नको म्हणू." आणि एवढं धीराचं बोलून पोरगी तोंडाला पदर लावून रडायला लागली.

अट मोडायची तर पोरीचं लग्न पणाला, आणि मानायची तर जन्मभर पोरीसमोर मान खाली. रात्री मंजुळाबाई कूस बदलत राहिली, पण सकाळी उठली ती ठरवूनच. वनाभाऊला म्हणाली, "तारीख बदलायची नाही. स्वयंपाक मी करणार. पोताजच करणार."

"अगं, निदान आपल्या पद्धतीची गंगाफळाची भाजी कर! वरण-बट्टी, गंगाफळ, वांगी, चार माणसं करतात तसं!"

"वरण-बट्टी होईल. गंगाफळ आणि वांगीही होतील. ज्या हातांसाठी मला बाटलेली म्हणतात ना, त्या हातांना जे येतं तेच ताटात पडेल. लपवून काय करू?"

वनाभाऊ कपाळाला हात लावून निघून गेला. जाऊन त्याने नानांना काय सांगितलं, तर सगळं ठरल्याप्रमाणे होईल. भित्रा माणूस खोटं बोलतो ते असं, दोन्हीकडे हो म्हणून.

चंपाषष्ठी होऊन पाच दिवस झाले होते. चातुर्मासातली कांद्या-वांग्यांची बंदी उठली होती, आणि असोद्याहून भरताच्या वांग्यांची पाटी आली, एकेक वांगं पोराच्या डोक्याएवढं. साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच अंगणातल्या निंबाखाली तीन चुली पेटल्या. आठाच्या सुमारास वनाभाऊ आला तो रुपचंद महाराज नावाच्या आचाऱ्याला घेऊन. त्याच्या हातात एक झाकलेला तांब्याही होता. मंजुळाबाईने झाकण उचलून पाहिलं. पंचगव्य. भटजींकडून आणलेलं.

"राहू दे तिथे ओट्यावर," ती म्हणाली. वनाभाऊला वाटलं, बाई नरमली.

आचाऱ्याला तिने चहा दिला, पाट दिला आणि सांगितलं, "महाराज, तुम्ही आज पाहुणे. बसा आणि जेवून जा." रुपचंद महाराज थोडा वेळ फुगून बसला. पण माणूस हाडाचा आचारी. कांदा लोण्यात परतायला लागला तशी त्याची मान लांब होऊ लागली. "लाल नाही करत?" त्याने न राहवून विचारलं. "नाही." "मिरची?" "नाही." "मग चव कशाची?" "धीराची," मंजुळाबाई म्हणाली. अर्ध्या तासाने महाराज वांग्यांच्या चकत्या कापत होता आणि झाकणावर निखारे किती ठेवायचे यावरून तिच्याशी वाद घालत होता.

पाहुणे एक ट्रक करून आले, तीसेक माणसं. उखर्डू नाना ड्रायव्हरशेजारून उतरले. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, उजवा हात उपरण्याखाली. मागून बायका उतरल्या, त्यांत नानांची बायको झुंबरबाई, बुटकी, डोळ्यांवर पदर. द्वारकेला कुंकू लागलं, साखर तोंडात पडली, ओटी भरली. एवढा वेळ मंजुळाबाई चुलीपाशीच होती. मग पुरुषांची पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, पाणी फिरलं, आणि नानांनी सगळ्यांच्या वतीने विचारलं, "वनाभाऊ, स्वयंपाक कोणाचा?"

वनाभाऊ रुपचंद महाराजाकडे बघायला लागला. महाराज निखाऱ्यांकडे बघायला लागला. वनाभाऊने तोंड उघडलं, "हे आपले महाराज..."

"स्वयंपाक माझा," मंजुळाबाई म्हणाली.

ती पोताजचं पातेलं दोन्ही हातांनी धरून निंबाखालून थेट पंगतीत आली. पदर खोचलेला, कपाळ मोकळं, तोंडावर घाम. तिला पाहताच नानांनी मान वळवली. पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली. नाना उठून उभे राहिले आणि तिच्याकडे न बघताच त्यांनी आवाज चढवला.

"आमची फसवणूक झाली! सांगून ठेवलं होतं, ही बाई समोर यायला नको! उठा रे सगळे! हिच्या हातचं पाणीसुद्धा..."

आणि रागाच्या भरात त्यांनी उजवा हात उपरण्याबाहेर काढून तिच्याकडे बोट रोखलं. बोट रोखायला अंगठा आणि दोनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं, आणि तळव्यापासून कोपरापर्यंत कातडीवर शिवणीसारखा व्रण गेला होता.

मंजुळाबाई जागीच थांबली. ती शिवण तिला पाठ होती. टाके घालताना कंदील तिने धरला होता.

सत्तावन्न सालची दिवाळी. कापसाच्या जिनमधल्या यंत्रात दोन्ही हात गेलेला माणूस बैलगाडीतून आणला होता. सात नंबरची खाट. सिस्टरला नावं म्हणता येत नसत, ती सगळ्यांना खाटेच्या नंबरानेच हाक मारायची, आणि मंजुळाबाईलाही ती सवय लागली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. एकवीस दिवस त्या माणसाला पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने पिता येत नव्हतं. एकवीस दिवस मंजुळाबाईने त्याला चमच्याने हेच पोताज भरवलं होतं. रात्री ठणका लागला की हाच माणूस "बाई, एक घोट" म्हणून रडायचा. तेव्हा दाढी वाढलेली, अंगाची काडी झालेली. आता फेट्याखालचं ते तोंड तिने नीट पाहिलं आणि तिला सगळं उलगडलं. ही बाई समोर यायला नको! बाटण्याची भीती नव्हतीच मेल्याला. ओळखेल, ही भीती होती.

तिच्या जिभेवर सगळं आलं. हाका मारून सांगावं, तीस माणसांत उघडं पाडावं. पण समोर प्रल्हाद बसला होता, बापाकडे बघत, मेल्याहून मेल्यासारखा झालेला. दाराशी द्वारका उभी होती, कपाळावरचं कुंकू अजून ओलं. बापाला मीच तोंडघशी पाडलं तर ह्या पोरांनी संसार कुठल्या तोंडाने करायचा? आणि सांगितलं नाही, तर संसार होणारच कसा?

तिने पातेलं खाली ठेवलं. ओट्यावरचा तांब्या आणला, झाकण काढलं आणि पंगतीच्या मधोमध ठेवला.

"हे पंचगव्य. भटजींकडचं आहे, खोटं नाही. मी घेणार नाही, कारण माझी चूक झालेली नाही. अकरा वर्षं मी आजाऱ्यांना रांधून घातलं. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. सिस्टरसाठी अंडीही उकडली, ती आजाऱ्यांच्या भांड्यात कधी गेली नाहीत. माझ्या हाताला काही झालेलं नाही. पण माझ्या हातचं खाऊन इथे कोणी बाटलं असेल, तर त्याने पुढे यावं आणि आधी त्याने घ्यावं." मग ती नानांकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, "नाना, बसून घ्या. आज हात मोकळे आहेत तुमचे."

नानांचा रोखलेला हात तसाच राहिला. तोंडाचा रंग उडाला. बाकी कोणाला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मग प्रल्हाद उठला. "मी दोन वर्षं इथे जेवलोय," तो म्हणाला. "बाटलो असलो तर सगळ्यांत जास्त मीच बाटलो. द्या, पितो मी. पण त्यानंतर मावशीच्या हातचंच जेवीन, आणि लग्नही इथेच करीन. मग काय करायचं ते तुम्ही ठरवा, नाना."

तो तांब्याकडे वाकला, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "थांब रे, पोऱ्या."

झुंबरबाई. पुरुषांच्या पंगतीत बाईने बोलायची ही कुठली रीत? पण ती नुसती बोललीच नाही, पदर डोक्यावर सावरत दोन पत्रावळींच्या मधून चालत आली आणि मुलाच्या हातावर हात ठेवून उभी राहिली. बोली तिची अस्सल खेड्यातली.

"तुना पहिले तुना बापले पिऊ दे."

"झुंबर!" नाना ओरडले.

"बारा वरीस गप बठनू, आते नही. गावले सांगं सुरत, नि व्हतूत धुयाना दवाखानामा. हाई बाईना हातनं तुमीन एकवीस दिन खादं. चमचानी खादं, लहान पोऱ्यानंगत खादं. तुमनं उरे ते मी व्हरांडामा बठीसन खाऊ." तिने पदर डोळ्यांवरून मागे सारला आणि सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. "मी बाटनू का? मना पोऱ्या बाटना का? तुमीन जगनात, म्हनीसन आज आठे शेतस. बठ्ठा आयकी ल्या."

व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून, डोळ्यांवर पदर ओढून बसणारी ती बुटकी बाई! मंजुळाबाईने तिला दररोज भाकरी दिली होती आणि तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. तिला भडभडून आलं, पण ही रडायची वेळ नव्हे असं तिने स्वतःला बजावलं.

पंगतीत कोणी हललं नाही. सगळे नानांकडे बघत होते. त्यांनी हाताकडे पाहिलं, उपरण्याखाली घेऊ लागले, आणि मधेच थांबले. मग वाकून तांब्या उचलला. घोटभर पितात की काय असं वाटलं सगळ्यांना. नानांनी तो निंबाच्या बुंध्याशी नेला आणि उपडा केला. परत येऊन आपल्या पत्रावळीसमोर मांडी घालून बसले.

"वाढ, बाई," ते खाली बघून म्हणाले.

मंजुळाबाईने पळी भरली. नानांच्या वाटीवर आणली आणि तिथेच धरून ठेवली. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती, जायफळाची, लोण्याची. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कोणाच्या हातचं आहे, नाना?"

"ताई, पुरे आता," वनाभाऊ मागून कुजबुजला.

"तू गप. चार माणसांत म्हणायची अट त्यांचीच होती. उत्तरही चार माणसांत पाहिजे. कोणाच्या हातचं?"

नानांनी मान वर केली. बारा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुना हातनं शे," ते म्हणाले, आणि मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने, शेवटच्या पत्रावळीपर्यंत ऐकू जाईल असं. "ह्या बाईच्या हातचं आहे. याच्यावरच मी जगलो. चूक झाली ती माझी झाली."

मंजुळाबाईने पळी ओतली. भाकरीचे कुरकुरीत तुकडे वर टाकले. नानांनी तीन बोटांनी वाटी उचलली, पण ती कलली आणि चार थेंब पांढऱ्या धोतरावर सांडले. झुंबरबाई आधार द्यायला खाली वाकली.

"राहू द्या, अक्का," मंजुळाबाई म्हणाली. "या खेपेला त्यांचं त्यांना खाऊ द्या. तुम्ही बसा माझ्याजवळ. व्हरांड्यात खूप बसलात."

नानांनी पहिला घोट घेतला, आणि मग सगळी पंगत जेवायला लागली. रुपचंद महाराज वांग्यांचं पातेलं घेऊन फिरू लागला आणि ज्याला त्याला सांगू लागला की निखारे त्याने ठेवले आहेत. मंजुळाबाईने दाराकडे पाहिलं.

"द्वारके, आत काय उभी राहिलीस? बाहेर ये आणि वाढायला घे. सासरे जेवताहेत तुझे."